तिसऱ्या मजल्याचं दार

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते पायांपासून.

सोमवारची सकाळ होती. लिफ्टच्या केबिनच्या छतावर मी उकिडवी बसले होते. केबिन दोन मजल्यांच्या मध्ये थांबवलेली, तिसऱ्या मजल्याचं दार उघडं, समोर पिवळी पट्टी आडवी बांधलेली. माझं डोकं बरोबर तिसऱ्या मजल्याच्या फरशीला लागून होतं. तिथून माणसं दिसत नाहीत. चपला दिसतात, चाकं दिसतात, पिशव्यांचे तळ दिसतात. तीन-चार जोड्या चपला येऊन, थबकून, अजून किती दिवस असं विचारून, सुस्कारा टाकून जिन्याकडे गेल्या होत्या. हा जोड मात्र हलेना. काळे बूट, नीट पुसलेले... आणि एकाची नाडी सुटलेली.

"नाडी," मी मान वर न करता म्हणाले.

बूट जरा गोंधळले. मग एक गुडघा फरशीला टेकला, लांब बोटांनी नाडी बांधली, आणि त्या बोटांमागून एक चेहरा खाली वाकला. माझ्यापासून जेमतेम हातभर अंतरावर.

"चष्मा," तो म्हणाला. "डावी काडी वाकलीय. एका डोळ्याने वर बघताय तुम्ही आणि एका डोळ्याने खाली."

फिट्टंफाट झाली. मला हसू आलं, पण तोंडात स्क्रू धरलेला होता म्हणून हसता आलं नाही.

त्याला एक विचारायचं होतं. हे नवं दार किती वेळ उघडं राहणार? मी स्क्रू हातात घेतला आणि सांगितलं, पाच सेकंद. सगळीकडे आम्ही तेवढंच ठेवतो.

"आईला नऊ लागतात," तो म्हणाला.

जरा जास्त, थोडा वेळ, असं काही नाही. नऊ. कुणीतरी आपल्या आईच्या मागे उभं राहून, तिला कळू न देता, मनातल्या मनात सेकंद मोजले होते. तो गेल्यावर मी वहीत लिहून ठेवलं, तिसरा मजला, नऊ.

माझं काम दारांचं. लिफ्ट वर-खाली नेणारी मोठी मोटार वेगळी. दार उघडणारी-मिटणारी छोटी मोटार वेगळी, ती केबिनच्या छतावर असते. तिच्याशेजारी एक डबी असते, तिला आम्ही ड्राइव्ह म्हणतो. दाराने कुठे पळायचं, कुठे दबकत जायचं, किती जोर लावायचा, कुणी मध्ये आलं तर कसं मागे फिरायचं, हे सगळं ती डबी ठरवते. आणि त्या डबीला ते शिकवते मी. जुन्या चार मजली इमारतीतला जुना ड्राइव्ह काढून नवा बसवायचा होता. माझ्याबरोबर होते आमचे म्हातारे फिटर, ज्यांना सगळी कंपनी मामा म्हणते.

इमारतीची खबरबात मामा अर्ध्या दिवसात काढतात. बूटवाल्याचं तळमजल्यावर चष्म्याचं दुकान, वर तिसऱ्या मजल्यावर घर. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. सात महिन्यांपूर्वी ह्याच लिफ्टचं दार आईच्या खांद्यावर आपटलं, ती चौकटीवर पडली, मनगट मोडलं. मनगट जुळलं, पण लिफ्टमध्ये पाऊल ठेवायची तिची छाती होईना, आणि गुडघे जिना उतरू देईनात. सात महिने ती बाई खाली आलेली नव्हती. दुसऱ्या शहरातल्या मुलीचं घर तळमजल्यावर आहे, म्हणून महिनाअखेरीला मुलगा दुकान बंद करून आईला घेऊन तिकडेच राहायला चाललाय.

"बारा वर्षांचं दुकान," मामा म्हणाले, "आणि एका दारापायी..."

पुढचं वाक्य त्यांनी पान्ह्याला सांगितलं.

मंगळवारी दुपारी मी चष्मा घेऊन त्याच्या दुकानात गेले. खरं तर गेले नसते, पण सकाळी खरोखरच दोन वेळा चुकीचा आकडा वाचला. दुकान लहानसं, लिफ्टच्या अगदी समोर. त्याने काडी गरम हवेवर धरली, अंगठ्याने हलकेच वाकवली, पुन्हा धरली. त्याच्या हातांना घाई माहीत नव्हती. एवढं बारीक काम करणारी माणसं सहसा बोलत नाहीत. हा बोलायचा, पण कामाकडे बघत.

सकाळी तुमचं दार एवढं हळू का चाललं होतं, त्याने विचारलं. म्हणजे तो बघत होता तर.

नवा ड्राइव्ह बसवला की आधी त्याला दार ओळखू द्यावं लागतं, मी सांगितलं. तो दार अगदी सावकाश शेवटपर्यंत मिटतो, मग शेवटपर्यंत उघडतो, आणि दोन टोकांमध्ये अंतर किती ते लक्षात ठेवतो. त्या वेळी कुणी मध्ये यायचं नाही.

"म्हणजे पहिली ओळख."

"तसंच."

"आणि घाई केली तर?"

"तर चुकीचं शिकतो. सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून."

काडीवरची त्याची बोटं आणखी हळू झाली. मग तो काउंटरच्या ह्या बाजूला आला आणि चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला. दोन्ही कानांमागे त्याच्या बोटांची टोकं क्षणभर टेकली. काडीची गरमी अजून गेली नव्हती. त्याने डोकं जरा तिरकं केलं, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, चष्मा पुन्हा काढला. चष्म्याशिवाय मला हातभरापलीकडचं सगळं धूसर दिसतं. तो हातभराच्या आत होता.

"अजून... थोडं," तो म्हणाला.

खरं सांगते, पहिल्यांदाच नीट बसला होता. मी पुन्हा मान पुढे केली.

बुधवार मात्र वाईट गेला. तळमजला, पहिला, दुसरा, चौथा, सगळीकडे दार लोण्यासारखं चालत होतं. तिसऱ्यावर आलं की शेवटच्या चार बोटांवर अडायचं, कुणीतरी मध्ये आहे असं समजायचं आणि पुन्हा उघडायचं. मध्ये कुणीही नसताना. दहा वेळा केलं, दहा वेळा तेच.

त्याचं असं असतं, मोटार एकच, ती केबिनवर. पण प्रत्येक मजल्याला स्वतःचं एक दार असतं, आणि केबिनच्या दाराने त्याला हाताला धरून बरोबर न्यायचं असतं. एखाद्या मजल्याचं दार जड झालं की ह्याचा हात खेचला जातो. मामांनी जुन्या डबीवरचा आकडा वाचला आणि तोंड वाकडं केलं. मिटतानाचा जोर जवळजवळ शेवटाला नेऊन ठेवलेला. आधीच्या कुणा कारागिराने तिसऱ्या मजल्याचं दार मिटत नाही म्हणून कारण शोधायचं सोडून जोर वाढवला होता. तिसऱ्यावर दार मिटलं आणि सगळे खूश. पण मध्ये माणूस आला तर त्यालाही तेवढाच जोर बसणार, ह्याचा विचार कुणी केला नव्हता. मध्ये आली ती त्याची आई.

मी गुडघ्यांवर बसून बॅटरीच्या उजेडात तिसऱ्या मजल्याचा उंबरा बघितला. दार ज्या खाचेतून सरकतं, ती खाच एका ठिकाणी दबली होती. जड वस्तू वरून आपटल्यावर धातू दबतो तशी. दबलेल्या जागी पिवळसर चमक होती, पितळेची. मी मान वर केली. समोर त्याच्याच घराचं दार उघडं होतं, आणि आत भिंतीशी एक भलंमोठं काचेचं कपाट उभं होतं. चार पाय, चारही पायांना पितळेच्या टोप्या. पुढच्या उजव्या टोपीला पोचा.

मी बॅटरी विझवली.

म्हणजे कपाट घरात आणताना उंबऱ्यावर आपटलं. खाच दबली, दार जड झालं, कारागिराने जोर वाढवला, आणि... एकेक गाठ सुटत गेली तशी मला वाटू लागलं, सुटली नसती तर बरं झालं असतं. तेवढ्यात तो जिन्याने वर आला, हातात तीन कप. सापडलं का काही, त्याने विचारलं. खाच दबलीय, मी म्हणाले, सरळ करते. एवढंच. मामांनी माझ्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, आणि चहात फुंकर मारत बसले.

खाच सरळ करायला तीन तास लागले. मग तिसऱ्याचं दार दोन बोटांनी ढकललं तरी सरकायला लागलं. मी स्प्रिंगचा काटा लावून जोर मोजला, नियमात बसतो त्याच्याही निम्म्यावर आणला. संध्याकाळी अहवालात लिहिलं, तिसऱ्या मजल्याच्या उंबऱ्याची खाच दबलेली, त्यामुळे दार जड, त्यामुळे पूर्वी जोर वाढवलेला, दुरुस्त केलं. एक प्रत इमारतीच्या सेक्रेटरींना दिली. रात्री झोप लागेना. बोलावं की न बोलावं... मी एका अनोळखी माणसाची एवढी काळजी का करत होते, हेही मला कळत नव्हतं. म्हणजे कळत होतं.

गुरुवारी आईंची परीक्षा होती. त्यांची नाही, दाराची. पण घाबरल्या होत्या त्याच.

छोट्याशा, पांढऱ्या केसांच्या, कडक इस्त्रीची साडी नेसलेल्या. मुलाने लिफ्टसमोर खुर्ची मांडून दिली, तिच्यात त्या पाठ ताठ करून बसल्या आणि मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "तू ती दारवाली?"

मी हो म्हणाले. तेव्हापासून त्या घरात माझं नाव तेच पडलं.

वेग किती ठेवायचा ते कसं ठरवायचं, मी विचार करत होते. आकडे सांगून त्यांना काय कळणार? तेव्हा त्यानेच युक्ती काढली. डोळे तपासताना तो गिऱ्हाइकाला दोन काचा दाखवतो, पहिली बरी की दुसरी? तसंच करू. मी एका वेगाने दार मिटवून दाखवलं, मग दुसऱ्या.

"पहिलं बरं की दुसरं?" त्याने आईला विचारलं.

"दुसरं."

मी पुन्हा दोन दाखवली. "आता?"

"पहिलं. दुसरं तर झोपाळू आहे अगदी."

असं करत करत आम्ही त्यांच्या वेगापाशी आलो. आधी सावकाश, मध्ये जरा भरभर, शेवटी पुन्हा दबकत. दार उघडं राहायचं, बरोबर नऊ सेकंद. सेक्रेटरी येऊन कुरकुरले की बाकीच्यांनी काय एवढा वेळ ताटकळत उभं राहायचं. मी त्यांना समजावलं की नऊ सेकंद फक्त तिसऱ्या आणि तळमजल्यावर, आणि ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आत दार मिटायचं बटण आहे. "आणि बाहेर जिना आहे," मामांनी भर घातली.

पण आई खुर्चीतून उठेनात. सगळं छान आहे म्हणाल्या, हात मात्र खुर्चीच्या दांड्यावर आवळलेले. मग मी मिटत्या दारात माझा हात घातला. कोपरापर्यंत, डोळे मिटून. दार हाताला टेकलं... आणि लगेच मागे फिरलं. पुन्हा घातला, पुन्हा फिरलं. तिसऱ्या वेळी डोळे उघडले तर माझ्या हाताच्या वर, वीतभर अंतरावर, आणखी एक हात होता. त्याचा. मला न विचारता त्याने घातला होता. दार दोघांना मिळून टेकलं आणि दोघांनाही सोडून मागे गेलं. आम्ही हात काढायला जरा उशीरच केला.

"लाजाळू आहे की," आई म्हणाल्या. दाराला म्हणाल्या की आणखी कुणाला, देव जाणे. पण त्या उठल्या. लिफ्टमध्ये एक पाऊल ठेवलं, मग दुसरं, आत वळून उभ्या राहिल्या, आणि नऊ मोजायच्या आत पुन्हा बाहेर आल्या. आज एवढंच, म्हणाल्या. उद्या खाली.

दुपारनंतर मी छतावर शेवटचे स्क्रू आवळत होते. बूट आले. दोन्ही नाड्या बांधलेल्या. पण ह्या वेळी तो वाकला नाही, सरळ फरशीवरच बसला. हातात अहवालाची प्रत.

"ही खाच माझ्या कपाटाने दबलीय," तो म्हणाला.

मी पान्हा खाली ठेवला.

"चार जण होतो. मी म्हणालो, थोडं राहिलंय, एका दमात घेऊ. माझ्याच हातातून सुटलं. खणकन वाजलं, आम्ही हसलो, आणि..." त्याने कागदाची घडी घातली, उलगडली. "तुम्हाला माहीत होतं?"

"काल दुपारपासून."

"मग सांगितलं का नाही?"

"अहवालात खाचेसाठी रकाना आहे," मी म्हणाले. "कपाट कुणाचं, ह्याच्यासाठी नाही."

त्याचे डोळे भरून आले होते. मी मघापासून पाहत होते, पण बघत नसल्यासारखं करत होते. मग मला ते जमेना. मी त्याला सांगितलं की खाच त्याच्या हातून दबली, हे खरं. पण दबलेली खाच कुणाला पाडत नाही. फार तर दार अडतं. पाडलं ते जोराने, आणि तो वाढवला आमच्या धंद्यातल्या माणसाने. म्हणजे निम्म्याहून जास्त चूक माझ्याच बाजूची. ती तो एकट्याने उचलत असेल, तर एका दमात उचलू नये. मागच्या वेळी काय झालं ते त्याने पाहिलंच आहे.

तो हसला. रडता रडता हसणारा पुरुष मी त्याआधी इतक्या जवळून पाहिला नव्हता. त्याने हात पुढे केला, मी माझा दिला, ग्रीसचा. त्याने तसाच धरला. वर आणि खाली, मध्ये पिवळी पट्टी... किती वेळ, ते मात्र कुणी मोजलं नाही.

संध्याकाळी त्याने आईला सगळं सांगितलं. आत काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. मी बाहेर अवजारं पुसत होते. थोड्या वेळाने आईंनीच मला हाक मारून आत बोलावलं. त्या कपाटासमोर उभ्या होत्या.

"दारवाली, तूच सांग. शहर सोडायचं म्हणजे हे धूड पुन्हा त्याच दारातून बाहेर काढायचं. तू एवढी राबलीस, ती खाच हा परत मोडणार."

शक्यता आहे, मी म्हणाले.

"मग नकोच," त्या मुलाला म्हणाल्या. "लेकीकडे मी पाहुणी म्हणून जाईन, चांगली दीड महिना राहीन आणि परत येईन. खाली उतरता येतंय तर कायमचं कशाला जायचं? दुकान राहू दे."

तो भिंतीला टेकला. सात महिन्यांचं ओझं खांद्यावरून उतरताना मी प्रत्यक्ष पाहिलं.

शुक्रवारी सकाळी बारीक भुरभुर होती. रात्रीच्या फोनवरून आईंची लेक त्यांना न्यायला गाडी घेऊन आली होती, पण वर येऊ नकोस, असा तिला निरोप होता. आई लिफ्टमध्ये एकट्याच शिरल्या. मुलाने बरोबर यायची तयारी दाखवली तेव्हा त्याला हाताने मागे सारलं. आम्ही दोघं जिन्याने धावत खाली आलो आणि दारासमोर उभे राहिलो. लिफ्ट आली. दार उघडलं. आई घाई न करता, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पर्स, बाहेर आल्या, आणि मागे वळून बघितलं. दार अजून उघडंच होतं.

"चांगलं वळण लावलंयस," त्या मला म्हणाल्या. गाडीत बसताना मुलाच्या गालावरून हात फिरवला आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याचे कान लाल झाले.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर उरलो. पाऊस असून नसल्यासारखा. पाच दिवस आम्ही जे काही बोललो होतो ते आईंबद्दल, दाराबद्दल. आता आई गेल्या होत्या आणि दारात दुरुस्त करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

उद्यापासून तुम्ही कुठे, त्याने विचारलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मी सांगितलं, तळमजला धरून तेरा मजल्यांची इमारत, चार लिफ्ट.

"चार लिफ्ट, तेरा मजले..." तो हिशेब करत म्हणाला. "म्हणजे बावन्न दारं."

"पाच आठवडे तरी."

त्याने खिशातून चष्मा पुसायचं फडकं काढलं, घडी केली, परत ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आईचं काम झालं. आता... माझं एक काम होतं."

"आधी माझं ऐका," मी म्हणाले. "काम काल संध्याकाळीच संपलंय. सही-शिक्का सगळं. कंपनीच्या हिशेबाने आज माझी सुट्टी आहे. मामा घरी झोपलेत."

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मग आज तुम्ही इथे..."

"तुमच्या आई खाली उतरताना बघायच्या होत्या. आणि..." मला पुढचं सुचेना. सगळ्या दारांना शिकवते मी, कुठे थांबायचं, कुठे पुढे जायचं. स्वतःच्या जिभेला मात्र धड शिकवता आलं नाही. "आणि त्या गेल्यावर तुम्हाला. तुम्हाला बघायचं होतं. आजच नाही. रोज. म्हणजे... मला तुम्ही आवडता."

पायरीवरून एक छत्रीवाले गृहस्थ चढून आले, माझा चष्मा झाला का विचारू लागले. त्याने त्यांना नम्रपणे सांगितलं की झाला आहे, पण दुकान आज बंद आहे, सोमवारी या. गृहस्थांनी उघड्या दुकानाकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि समजूतदारपणे निघून गेले.

"बारा वर्षांत," तो म्हणाला, "शुक्रवारी दुकान बंद ठेवलेलं नाही मी."

"मग आज?"

त्याने शटर ओढलं. कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. मग माझ्या खांद्यावरची, सुट्टीच्या दिवशीही निमित्ताला आणलेली, अवजारांची पिशवी काढून घेऊ लागला. मी म्हणाले, जड आहे, सवय नाही तुम्हाला. तो म्हणाला, मग अर्धी द्या. आम्ही पिशवीचा एक बंद त्याच्या हातात, एक माझ्या, असे पायरी उतरलो.

"आईने गाडीत बसताना काय सांगितलं, ऐकायचंय?" त्याने विचारलं.

"काय?"

"म्हणाली, परत येईपर्यंत तिला तुम्ही म्हणायचं सोडलं नाहीस, तर मी लेकीकडेच राहीन."

"मग?" मी म्हणाले. "आईंना परत आणायचं आहे ना?"

तो थांबला. पिशवी दोघांच्या मध्ये हलकेच झुलली. भुरभुर त्याच्या भुवयांवर बसली होती. दोनदा ओठ उघडले, दोनदा मिटले. मी वाट पाहिली, माझ्याकडे वेळच वेळ होता.

"तू..." तो म्हणाला. आणि पुढे काय म्हणायचं होतं ते विसरून, नुसताच हसत उभा राहिला.

"चल," मी म्हणाले.